शुक्रवारचे धडे

आमच्या शाळेच्या लायब्ररीतले टॅब वर्षातून एकदाच बाहेर यायचे, दसऱ्याला. लोखंडी कपाटातून त्यांचे खोके निघत, टेबलावर लाल कापड अंथरून त्यांची रांग लागे, प्रत्येकाच्या काळ्या काचेवर कुंकवाचं बोट टेके, झेंडूचं एकेक फूल वाहिलं जाई आणि नारळ फुटला की सगळे पुन्हा खोक्यात. दसऱ्याला आमच्या गावात सगळ्याच यंत्रांची पूजा होते. घराघरातले लूम, म्हणजे विजेवरचे माग, पुसले जातात, दुकानातल्या काट्याला गंध लागतं, रिक्षांना हार पडतात. पण दुसऱ्या दिवशी लूम, काटा आणि रिक्षा आपापल्या कामाला लागतात. आमचे टॅब मात्र पूजा घेऊन वर्षभर झोपायचे.

मी या मुलींच्या शाळेत लायब्ररी सांभाळते. शाळा हिंदी माध्यमाची, बारावीपर्यंतची, बुऱ्हाणपूरच्या जुन्या वस्तीतली. लायब्ररी वरच्या मजल्यावर आहे आणि तिच्या मागच्या खिडक्या सिंधीपुऱ्याकडे जाणाऱ्या गल्लीत उघडतात. मुली तिथे यायच्या त्या पंख्याखाली बसायला, नाहीतर डबा खायला. पुस्तकाला हात लावायची वेळ आली तर तो आधी स्कर्टला पुसायचा, इतकी तरी शिस्त मी लावली होती. मला राग लवकर येतो, हे इथेच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाला नवल वाटायला नको.

टॅब कुलूपबंद ठेवायचा नियम प्राचार्य सरांचा. माणूस वाईट नव्हता. निवृत्ती जवळ आलेला माणूस काचेच्या भांड्यांच्या दुकानातून चालावा तसा चालतो, तसे ते चालायचे. "मॅडम, सरकारी चीज आहे. फुटली तर चौकशी होईल. कपाटात आहे तोवर सुरक्षित आहे," असं ते म्हणायचे. मी म्हणायचे, पुस्तकंसुद्धा कपाटातच सुरक्षित असतात, मग लायब्ररी बंदच करून टाकू. ते हसायचे आणि किल्ली खिशात टाकायचे.

ती किल्ली निघाली ती एका मुलीमुळे.

अकरावीची ही मुलगी रोज इच्छापूरहून बसने यायची. वडिलांची केळीची शेती. खेळाच्या तासाला बाकीच्या मैदानावर गेल्या की ती लायब्ररीत येऊन खिडकीजवळच्या बाकावर बसायची आणि पुस्तक अगदी नाकाला लावायची. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी म्हटलं, "अगं, वाचतेस की वास घेतेस?"

"वासच येतो, मॅडम," ती शांतपणे म्हणाली. "अक्षर नाही येत आता."

मग कळलं ते असं. तिच्या डोळ्यांचे पडदे लहानपणापासून हळूहळू सुकत चालले होते. इंदूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की याला ऑपरेशन नाही. नववीपर्यंत फळा दिसत नसे, पण पुस्तक दिसे. आता पुस्तकातली ओळ मधूनच तुटायची, जवळ धरली तरी हाती लागायची नाही. गावातलीच एक मैत्रीण तिला बसमध्ये चढवायची, उतरवायची. वडिलांनी ठरवून टाकलं होतं की सहामाही परीक्षेत पास झाली तर पुढे शिकेल, नाही तर घरी बसेल. हे सगळं तिने मला बसचं वेळापत्रक सांगावं तसं सांगितलं. रडणं नाही, काही नाही.

"तुझं काय म्हणणं आहे?" मी विचारलं.

"मले शिकायचं आहे," ती म्हणाली. "घरी बसून काय करू? केळी मोजू?"

मी उठले आणि सरांच्या खोलीत गेले. त्या दिवशी मी जरा जास्तच बोलले. दसऱ्यापर्यंत थांबायला या मुलीला वेळ नाही, पूजा मी रोज करीन, पण किल्ली द्या, असं काहीतरी. सरांनी खिशातली किल्ली काढून टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "टॅब लायब्ररीच्या बाहेर जायचा नाही. आणि जबाबदारी तुमची." मी हो म्हटलं. जबाबदारी माझी नाही असं काहीच लायब्ररीत कधी नव्हतं.

सुरुवातीला वाटलं की काम सोपं आहे. टॅबमध्ये लिहिलेलं वाचून दाखवणारी एक यांत्रिक बाई असते. पाठ्यपुस्तक तिच्या हवाली केलं. ती वाचायची, पण तिला ना स्वल्पविराम माहीत ना पूर्णविराम. धड्याच्या मधोमध पान क्रमांक सांगायची, चित्राखालची ओळ वाक्यात घुसवायची. आमच्या मुलीने कानातले इयरफोन काढून ठेवले. "ही बाई श्वासच घेत नाही, मॅडम. ऐकता ऐकता माझाच जीव घाबरा होतो."

तेव्हा मी तिच्या वर्गातल्या मुलींना विचारलं, की तुम्ही वाचाल का? आपण आवाज भरू आणि तिच्या वडिलांच्या फोनवर पाठवू. घरी ऐकेल. मला वाटलं, दोघी-तिघी येतील. टॅबला हात लावायला मिळणार हे कळल्यावर अर्धा वर्ग जिन्यावर उभा राहिला. ज्यांनी वर्षभर लायब्ररीचं दार पाहिलं नव्हतं त्या विचारू लागल्या की मॅडम, माझा नंबर कधी. मला आनंद झाला आणि रागही आला. पुस्तकांसाठी एवढ्या वर्षांत अशी रांग कधी लागली नव्हती.

पण काम सुरू झालं आणि माझा राग ओसरला, कारण या मुली पुस्तक वाचू लागल्या. मोठ्याने वाचायचं तर आधी मनात वाचावं लागतं. कुठे थांबायचं हे कळायला वाक्य कळावं लागतं. अडलेला शब्द विचारायला त्या माझ्याकडे येऊ लागल्या, शब्दकोशावरची धूळ गेली. एकमेकींचं वाचन ऐकून त्या चुका काढायच्या, पुन्हा भरायच्या, नको तेवढा तुकडा कापायच्या. कापणं-जोडणं त्यांना मी शिकवलं नाही, त्यांनीच मला शिकवलं.

यातली एक मुलगी सगळ्यांत पुढे होती. तिचं घर आमच्या मागच्याच गल्लीत, खाली लूम आणि वर संसार. आवाज असा खणखणीत की प्रार्थनेला माइक लागत नसे. इच्छापूरची मुलगी तिला भोंगा म्हणायची आणि हिला ते चालायचं. धड्यांचा मोठा भाग तिनेच वाचला. इतिहासाच्या पुस्तकातला मंगोलांचा धडा तर तिने असा वाचला की घोडे लायब्ररीतून गेल्यासारखं वाटावं.

आवाज भरताना आम्ही काय काय काळजी घेतली ते सांगायला हवं. पंखा बंद. दारावर 'शांतता राखा'ची पाटी. गल्लीत केळीची गाडी आली की थांबायचं, रिक्षाचा हॉर्न वाजला की पुन्हा पहिल्यापासून. खिडकीवर पोपट बसायचे, त्यांना हाकलायला एक मुलगी नेमली होती. शिपायाने घंटा हळू मारावी म्हणून मी त्याची मनधरणी केली. एवढं करून भरलेले धडे ऐकताना आम्ही स्वतःवरच खूश व्हायचो.

पहिले धडे पाठवले आणि दुसऱ्या दिवशी इच्छापूरची मुलगी आली. "चांगलं वाचलं आहे," ती म्हणाली. "पण मागे लई खटखट आहे. शब्द बुडून जातात."

आम्ही सगळ्या टॅबभोवती जमलो. धडा लावला. कान लावून ऐकला. काही नाही. भोंगा म्हणाली, "कुठे आहे खटखट? एकदम साफ तो आहे."

"आहे ना. सारखी आहे."

पुन्हा ऐकला. मीही ऐकला. मला मुलीचा आवाज ऐकू येत होता, शब्द न् शब्द. मला वाटलं, तिचे इयरफोन बिघडले असतील. माझे नवे दिले. तरी तेच. मग वाटलं, तिच्या वडिलांचा फोन जुना असेल. माझ्या भाच्याने फोनवरून सुचवलं म्हणून आवाज स्वच्छ करणारं एक ॲपही लावून पाहिलं. त्याने वाचणारी मुलगी विहिरीत उतरून बोलत असल्यासारखी वाटू लागली, म्हणून ते काढून टाकलं. ती मात्र दर वेळी तेच सांगायची, न चिडता. खटखट आहे.

मुली दुखावल्या. "मॅडम, आम्ही घसा सुकवतो आणि हिला पसंतच नाही पडत," भोंगा म्हणाली. "मला लगता है, तिला ऐकायचंच नाहीये." मी तिला दटावलं, पण खोटं कशाला सांगू, माझ्याही मनात तेच यायला लागलं होतं. डोळ्यांचं दुखणं माणसाला हट्टी करतं, असं काहीतरी शहाणपण मी स्वतःला सांगून पाहिलं. जिन्यावरची रांग लहान झाली. आणि गणपती झाल्यावर ती मुलगी शाळेत यायचीच बंद झाली.

तिला बसमध्ये चढवणाऱ्या मैत्रिणीने निरोप आणला. सहामाहीची वाट कशाला बघायची, तिला वाचताही येत नाही आणि ऐकूनही पाठ होत नाही, म्हणून तिच्या वडिलांनी तिला आत्ताच घरी ठेवून घेतलं होतं.

पुढच्या रविवारी मी इच्छापूरची बस धरली. जाताना वाटभर मी वडिलांना काय काय सुनवायचं याची तयारी करत होते. मुलीचं शिक्षण, कायदा, सरकारच्या योजना, सगळं जिभेवर होतं. फाट्यावर उतरले, देवीच्या टेकडीकडे पाठ करून केळीच्या बागांमधून चालू लागले. कानांना चमत्कारिक वाटत होतं, काहीतरी कमी झाल्यासारखं. मला वाटलं, बसमधल्या वाऱ्याने दडे बसले असतील. दोनदा गिळून पाहिलं, तरी गेलं नाही.

घर बागेच्या कडेलाच होतं. वडील ठिबकच्या नळ्या गुंडाळत होते, मला पाहून हात पुसत पुढे आले. "मॅडम, तुमी येवढ्या लांब कायले आल्या? फोन केला असता." आईने ओसरीत सतरंजी टाकली, चहा आणि केळ्याचे वेफर आणले. मुलगी दाराशी मेथी निवडत बसली होती. बोटांनी चाचपून पान खुडायची, काडी बाजूला टाकायची. माझ्या आवाजाकडे मान करून हसली.

मी तोंड उघडायच्या आधी वडीलच बोलले. "पोरगी हुशार हाय. मी नाही कुठं म्हनतो? पन बसची पायरी दिसत नाही तिले. संगची पोरगी एखांद्या दिवशी नसली, म्हंजे मी हात कामात ठेवतो आन् ध्यान फाट्यावर. बस आली का, उतरली का, पडली त नसन. येवढं करून वाचता येत नाही, ऐकून समजत नाही. मंग मी तिले रोज त्या बसमधी कायच्यासाठी घालू, तुमीच सांगा."

माझी सगळी तयारी गळून पडली. हा माणूस मुलीला कोंडून ठेवत नव्हता, तो तिच्यासाठी घाबरत होता. मी त्याच्या जागी असते तर दुसरं काय केलं असतं? काहीतरी करायचं म्हणून मी पर्समधून फोन काढला. "तिच्या मैत्रिणी तिच्यासाठी किती झटताहेत ते तरी ऐका," म्हटलं आणि मंगोलांचा धडा लावला.

खटक-खट, खटक-खट, खटक-खट.

आधी मला वाटलं, फोन बिघडला. मग भोंग्याचा आवाज आला, त्या खटखटीच्या आतून, तुटत तुटत. मंगोलांचे घोडे एखाद्या कारखान्यात शिरले होते आणि त्यांच्यापैकी कोण काय बोलतंय ते कळत नव्हतं. मी आवाज वाढवला तर खटखटही वाढली. बंद केला. बागेत केळीची पानं हलली तेवढंच ऐकू आलं.

ते लूम होते. सिंधीपुऱ्याचे, आमच्या मागच्या गल्लीतले, साऱ्या गावातले. मी जन्मले त्या घराशेजारी लूम होते, शाळेत गेले तिथे होते, लग्न होऊन गेले तिथे होते. आम्ही पोपट हाकलले, शिपायाची मनधरणी केली, पंखे बंद केले, आणि जे सगळ्यांत मोठ्याने चाललं होतं ते आमच्यापैकी एकीलाही ऐकू आलं नव्हतं. शाळेत ऐकून पाहायचो तर बाहेर तीच खटखट, आत तीच खटखट. आम्हाला काय कळणार होतं?

"आता आलं ऐकू, मॅडम?" मुलीने विचारलं.

टोमणा नव्हता तो. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. मी नुसती मान हलवली. मग ते तिला दिसणार नाही हे लक्षात येऊन म्हटलं, "आलं गं बाई. आलं."

मी वडिलांना सगळं समजावलं. त्यांना ते आधी पटेना. "येवढा आवाज तुमाले तिथं येतच नाही?" त्यांनी दोनदा विचारलं. मी नाही म्हटलं. ते माझ्याकडे जरा काळजीने बघू लागले, जणू मलाही एकदा इंदूरला दाखवून आणायला हवं होतं. शेवटी म्हणाले, "ठीक हाय. सहामाहीपर्यंत पाठवतो तिले शाळेत. मंग पाहू." परतीच्या बसमध्ये मी गावाच्या वेशीपाशी मुद्दाम कान देऊन बसले. रिक्षा स्टँडपर्यंत ते खटखटणं ऐकू येत होतं. घरी पोचेपर्यंत पुन्हा नाहीसं झालं.

सोमवारी मुलींना सांगितलं तर एकीचाही विश्वास बसला नाही. भोंगा तर भांडायलाच उठली. मी म्हटलं, शुक्रवारपर्यंत थांबा. आमच्याकडे आठवड्याची सुट्टी म्हणून शुक्रवारी लूम बंद असतात. त्या दिवशी गाव जरा उशिरा उठल्यासारखं वाटतं, पण का, ते कुणी विचारत नाही.

शुक्रवारी मधल्या सुट्टीत सगळ्या जमल्या. मी जुनाच धडा लावला. खोलीत एकदम कारखाना सुरू झाला. मुली दचकल्या, एकीने खिडकीकडे पाहिलं. बाहेर गल्ली शांत होती. भोंगा टॅबवर वाकून ऐकत राहिली आणि मग हळू आवाजात, तिला जमेल तेवढ्या हळू आवाजात, म्हणाली, "मॅडम, हा आमचाच आहे. नीट ऐका, एक ठोका लंगडतो. आमच्या कोपऱ्यातल्या लूमचा पट्टा ढीला आहे." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आपलं घर इतकं मोठ्याने चालतं हे तिला पहिल्यांदाच कळत होतं.

त्याच बैठकीत मंगोलांचा धडा पुन्हा भरला. संध्याकाळी पाठवला. रात्री जेवणाआधी तिच्या वडिलांच्या फोनवरून मला निरोप आला, मुलीच्याच आवाजात. "मॅडम, भोंग्याला सांगा, ती मधी मधी श्वास घेते ते बी ऐकू येते. लई छान." मी तो निरोप वर्गात लावला. भोंगा दिवसभर सगळ्यांना ते सांगत फिरली.

तेव्हापासून शुक्रवार आमचा झाला. वेळापत्रकात सरांनी त्या दिवशीचा शेवटचा तास लायब्ररीला दिला, न मागता. पण एक शुक्रवार पुरेना. तेव्हा मुलींनीच दुसरी युक्ती काढली. लाइट गेली की लूम थांबतात आणि टॅब तर बॅटरीवर चालतो. मग असं होऊ लागलं की वर्गात पंखा थांबला, बाकीच्या मुली वही हलवून वारा घेऊ लागल्या, की आमच्या मुली हात वर करून उभ्या. "सर, लाइट गई, आम्ही जाऊ?" शिकवणारे वैतागले. गणिताच्या मॅडमनी मला स्टाफरूममध्ये विचारलं की लाइट गेल्यावर तुमच्या लायब्ररीत असं काय दिसतं जे असताना दिसत नाही. मी म्हटलं, या आणि ऐका.

लाइट मात्र मनमानी. कधी धड्याचं शीर्षक वाचून होईपर्यंत यायची. मागच्या गल्लीतून पहिला ठोका पडायचा, आणि आता तो आम्हाला ऐकू यायचा. "आली," अशा निराशेने मुली म्हणायच्या की ऐकणाऱ्याला नवल वाटावं. लाइट आली म्हणून हळहळणारी शाळा अख्ख्या जिल्ह्यात आमचीच असावी.

त्या दसऱ्याला टॅब पूजेला मांडले तेव्हा त्यांच्या काचांवर बोटांचे ठसे होते, दोन टॅबच्या बॅटऱ्या उतरल्या होत्या आणि एकाच्या कोपऱ्याला बारीक तडा होता. सरांनी तडा पाहिला. त्यांनी त्याच कोपऱ्यावर कुंकू लावलं आणि पुढे सरकले. मला त्या माणसाबद्दल तेव्हा फार माया वाटली.

सहामाहीला मुलीला लेखनिक मिळाली, नववीतली एक चटपटीत मुलगी. नियमात तशी सोय आहे, फक्त कुणी मागत नाही. मी परीक्षेच्या खोलीबाहेरून दोन-चार चकरा मारल्या. आत ती भराभर सांगत होती आणि बिचारी नववीतली मान खाली घालून लिहीत होती. इतिहासाच्या पेपरला तर मला दारातूनच कळलं की ती भोंग्याच्या चालीत सांगते आहे. भोंगा जिथे थांबायची तिथे थांबत होती.

निकाल लागला. पास झाली, आणि काठावर नव्हे. इतिहासात वर्गात तिच्या पुढे दोघीच. ती नाचली-बिचली नाही. "बाबांना शाळेत बोलावलं आहे का कुणी?" तिने विचारलं. मी नाही म्हटलं. "मंग ते का येणार म्हणतात?" सहामाहीनंतर पाहू, एवढंच त्यांनी म्हटलं होतं. पास झाली तरी बसची पायरी तीच होती, आणि ती दिसत नव्हती हेही तेच होतं. दाखला काढायला येत असतील असं आम्हा दोघींना वाटलं, पण दोघींनीही तो शब्द उच्चारला नाही.

शुक्रवार होता. आम्ही वार्षिक परीक्षेचे धडे भरत होतो. आता इच्छापूरची मुलगी टॅबजवळ बसायची, कारण तिच्याइतके कान कुणाचेच नव्हते. वाचन सुरू व्हायच्या आधी ती हात वर करायची. आम्हाला काहीच ऐकू येत नसताना ती कुठल्या तरी दूरच्या घरातला एखादा चुकार लूम ऐकत असायची. तो थांबला की हात खाली यायचा आणि भोंगा वाचायला लागायची.

त्या दिवशी हात खाली आला होता, भोंगा पान उलटून वाचत होती, आणि दारात इच्छापूरच्या मुलीचे वडील उभे राहिले. मला दिसले, इतर मुलींना दिसले, तिला दिसणं शक्य नव्हतं. ते काही बोलणार तेवढ्यात चपलेचा आवाज तिच्या कानी गेला आणि तिने दाराच्या दिशेने हात वर केला. गप्प राहा, असा. कोण आहे याची तिला कल्पना नव्हती.

वडील जागच्या जागी थांबले. मग त्यांनी हळूच चपला काढल्या, हातात घेतल्या आणि भिंतीला टेकून उभे राहिले. धडा लांब होता. त्या माणसाने जागा बदलली नाही. मी खुर्चीकडे बोट दाखवलं तर त्यांनी मानेनेच नको म्हटलं. मुलगी डोळे मिटून ऐकत होती, एका ठिकाणी बोट हलवून तिने भोंग्याला वेग कमी करायला सांगितलं आणि भोंग्याने केला. वडील ते बघत होते. शेवटच्या ओळीवर त्यांना खोकला आला. त्यांनी तोंडावर हात दाबला, पण तो निसटलाच.

मुलीने मान वळवली. "बाबा?"

"झालं का वाचून?" त्यांनी विचारलं. "झालं असन त मी बोलतो."

त्यांनी शर्टाच्या खिशातून एक छोटं पाकीट काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं. त्यात मुलीचे दोन फोटो होते. "बसचा पास संपला हाय तिचा. नव्यासाठी शाळेची सही लागते म्हने," ते म्हणाले. "आन् त्या घोडेवाल्यांच्या नंतरचा धडा अजून आला नाही फोनवर. मी पानी लावतांना ऐकतो. तो कधी येईन?"

मी सही करायला पेन शोधू लागले आणि मला ते सापडेना, कारण समोरचं सगळं पाण्यातून दिसत होतं. सही सरांची लागते हेही मला नंतर आठवलं.

ती आता बारावीला आहे. तिच्यासाठी भरलेले धडे खालच्या वर्गातल्या मुलीही ऐकतात, ज्यांना डोळ्यांचा काही त्रास नाही त्यासुद्धा. त्या शुक्रवारच्या धड्याच्या शेवटी एका पुरुषाचा खोकला ऐकू येतो. नव्या मुली विचारतात, मॅडम, हे कापायचं राहिलं का? भोंगा जवळ असली तर तीच सांगते, राहिलं नाही, ठेवलं आहे.